‘नु’वरची भेंडी

पाहुणी अडीच वाजता येणार हे फुसाएच्या लक्षात होतं, आणि नेमकं तेच तिच्या नवऱ्याला, कुनितोमीला, नको होतं. चार दिवसांपूर्वी, मिसोचं सूप ढवळता ढवळता, त्यानं एकदाच सांगितलं होतं, की मंगळवारी वॉर्ड ऑफिसातून एक बाई यायच्या आहेत, जरा गप्पा मारायला. मुद्दामच सहज सांगितलं होतं, म्हणजे ते तिच्या एका कानातून शिरेल आणि दुसऱ्यातून निघून जाईल, हल्ली बाकी सगळं जातं तसं. सकाळी खाल्लं की नाही हे जिला दहा वाजता आठवत नाही, धाकटी बहीण वारल्याचं जिला दर वेळी नव्यानं सांगावं लागतं आणि दर वेळी जी नव्यानं रडते, ती बाई आज सहाला उठून, केस विंचरून, राखी रंगाचा इस्त्रीचा ब्लाउज घालून, गळ्याशी मोत्याची पिन लावून स्वयंपाकघरात उभी होती आणि म्हणत होती, “अहो, पाहुण्या अडीचला येणार ना? मग द्राक्षं आणा. टपोरी आणा. गेल्या वेळी कसली आणली होतीत, वाटाणे बरे.” गेल्या वेळी म्हणजे कधी, हे त्यानं विचारलं नाही. तो बूट घालून निघाला. ओकायामात ऑक्टोबरात द्राक्षं काय, कोपऱ्यावरच मिळतात. पण तो मुद्दाम लांबच्या दुकानात गेला, चालताना विचार करता यावा म्हणून, आणि सबंध रस्ताभर विचार असा एकही आला नाही. नुसतं एकच वाक्य डोक्यात फिरत राहिलं, की तिच्या लक्षात आहे, आज नेमकं तिच्या लक्षात आहे.

गोष्ट साधी होती. कुनितोमीच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. नोव्हेंबरच्या बारा तारखेला ती बदलायची ठरली होती आणि डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं, की आता पुढे ढकलाल तर आम्ही जबाबदार नाही. तीन आठवडे दवाखान्यात, पुढे महिनाभर जड उचलायचं नाही. तेवढे दिवस फुसाएला कुठे ठेवायचं? कोबेला मुलगी होती, चिकागे. पण तिच्याकडे दोन खोल्या आणि चार माणसं, आणि नवराबायको दोघंही नोकरीला. मागे आठवडाभर नेलं होतं तर फुसाए अकराव्या मजल्याच्या लिफ्टमध्ये शिरून खाली-वर करत राहिली होती, कोणत्या मजल्यावर उतरायचं ते न कळून. नदीच्या वळणावर म्हाताऱ्यांसाठी एक घर होतं, नऊच माणसांचं, मागे भाजीचा वाफा असलेलं. तिथे एक खोली महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती. पण तिथे घ्यायचं तर ऑफिसचा कागद लागतो, की या बाईंना सांभाळायची गरज आहे आणि इतकी आहे. त्या कागदासाठी आजची तपासणी. म्हणजे आज त्या बाईंनी ‘ठणठणीत’ असं लिहिलं की कागद नाही, कागद नाही तर खोली नाही, खोली नाही तर झडप नाही. आणि परक्या माणसासमोर ठणठणीत दिसण्यात फुसाएचा हात कोण धरणार? तीस वर्षं तिनं शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काढली होती. साहेब फिरतीवर आला की वाकडा हातसुद्धा सरळ शिवतो, हे तिचंच वाक्य.

चिकागेनं फोनवर सगळं समजावलं होतं. “बाबा, तुम्ही आईसमोर तोंड उघडणार नाही, मला पक्कं माहीत आहे. आणि आई त्या बाईंसमोर अशी काही वागेल, की त्यांना वाटेल आपणच खुळे. सगळ्यांकडे हेच होतं. आमच्या ऑफिसातल्या एकीची सासू, एरवी पोटच्या मुलाला ओळखत नाही, तपासणीच्या दिवशी उठून वाकून नमस्कार काय, चहा काय, हवापाण्याच्या गोष्टी काय! हाती काय आलं? ठेंगा. म्हणून लोक काय करतात, एका कागदावर सगळं लिहून ठेवतात आणि दारातच बाईंच्या हातात देतात. येताना नाही जमलं तर जाताना. त्यांना सवय असते.” कुनितोमीनं विचारलं होतं, “चोरून?” “चोरून नाही हो, बाबा. हळूच.” त्यानं लिहिलं. लिहायची त्याला एकच पद्धत येत होती. अडतीस वर्षं त्यानं शहरातली ट्राम चालवली होती, आणि काही झालं, सायकलवाला आडवा आला, कुणी पायरीवर घसरलं, की डेपोत जाऊन तारीख, वेळ, ठिकाण आणि घडलेला प्रकार असं लिहून द्यायचं. तसाच त्यानं अहवाल लिहिला. अकरा नोंदी, आणि तळाशी ऑपरेशनची तारीख. चौदा सप्टेंबर, सकाळी साडेनऊ, स्वयंपाकघर, रिकामी किटली पेटत्या गॅसवर. वीस सप्टेंबर, पाकीट फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. बावीस सप्टेंबर, फ्रिजमध्ये तोफूचे नऊ डबे. ‘पत्नीने’ हा शब्द लिहिताना मात्र दर वेळी हात अडखळला. घडीचा कागद आता त्याच्या शर्टाच्या खिशात होता, आणि द्राक्षांची पिशवी घेऊन परतताना तो बरोबर त्या झडपेवर येऊन बसल्यासारखा वाटत होता.

हात अडखळायला कारण होतं. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत पहिल्यांदा किटली जळली होती. वास आला म्हणून तो धावला, गॅस बंद केला, वळून पाहिलं तर दारात फुसाए. तिचा चेहरा त्यानं पाहिला आणि त्याला तो पाहवेना. भीती नव्हती नुसती, लाज होती, आणि हे काय होतंय ते तिला कळल्याचं दिसत होतं. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “अरेच्चा, मीच ठेवली वाटतं. चहा करायचा म्हणून ठेवली आणि विसरलो बघ.” झालं. चेहरा क्षणात निवळला. “काय हो तुम्ही पण! घर जाळाल एक दिवस,” असं म्हणून तिनं त्याला चांगलं फैलावर घेतलं, अगदी पूर्वीसारखं, आणि त्या संध्याकाळी ती गुणगुणत होती. इतकं सोपं होतं ते. मग सवयच लागली. पाकीट कप्प्यात सापडलं, “मी ठेवलं असेन.” तोफू साठले, “मीच आणले, स्वस्त होते.” ट्राममधून दोन स्टॉप पुढे उतरून ती दीड तास भटकली आणि शेजारच्या मोरिमोतोबाई तिला हाताला धरून घेऊन आल्या, तेव्हा त्यानं बाईंच्या देखत कपाळावर हात मारला, “माझीच चूक. मीच हिला चुकीचा स्टॉप सांगितला.” मोरिमोतोबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. ज्या रस्त्यावर आयुष्य घासलं त्या रस्त्याचा स्टॉप हा विसरला? खोट्याचं एक असतं, पहिल्यांदा बोलताना जीभ जड होते आणि शंभराव्यांदा बोलताना आपल्यालाच ते आठवायला लागतं. हल्ली कधी दुपारी पडल्या पडल्या कुनितोमीला आपलाच हात दिसे, आपली बोटं, आपलं मनगटावरचं घड्याळ, आणि ती बोटं गॅस पेटवून किटली ठेवून निघून जात. मग तो दचकून उठे आणि स्वयंपाकघरात जाऊन शेगडीकडे बोट रोखून मोठ्यानं म्हणे, “गॅस, बंद!” ट्रामवर तसंच करायचं असतं, सिग्नलकडे बोट दाखवून रंग मोठ्यानं म्हणायचा, म्हणजे डोळा चुकला तरी तोंड चुकत नाही. निवृत्तीनंतर सोळा वर्षांनी त्याची बोटं पुन्हा कामाला लागली होती. “मागचं दार, बंद! नळ, बंद!” फुसाए त्याच्याकडे बघत उभी राहायची. तिच्या डोळ्यांत काय असायचं ते त्यानं कधी नीट पाहिलं नाही. त्याला वाटायचं, कौतुक.

आणि भेंड्या. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून त्यांच्या घरात शब्दांच्या भेंड्या चालत, आणि भेंडी चढायची ती कुनितोमीवरच. फुसाएचं शस्त्र एकच, कुत्रा. कुत्र्याला इनु म्हणतात. ती इनु म्हणाली, की याला ‘नु’वरून शब्द शोधणं आलं, आणि ‘नु’वरून सुरू होणारे शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कसाबसा एक काढावा, चार शब्द पुढे जावं, की बाई अकिता-इनु काढायची. मग शिबा-इनु, तोसा-इनु. तोंडात कुत्र्यांचा तबेलाच बाळगून होती म्हणा ना. कुनितोमी घरामागच्या कालव्याच्या कृपेनं पहिल्यांदा वाचायचा, कारण कालव्यात नुतोरिया आहेत, मांजराएवढे उंदीर, नारिंगी दातांचे, लढाईच्या काळात कातड्यासाठी आणून पाळलेले आणि मग सोडून दिलेले. ओकायामात नुतोरिया शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण एका डावात एक शब्द एकदाच. दुसऱ्या कुत्र्याला काय देणार? मग, गेल्या वर्षी, त्यानं ठरवलं. वाचनालयात मुलांच्या विभागात, विटेएवढ्या उंचीच्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसायचं आणि प्राण्यांची जाडजूड चित्रांची पुस्तकं शेवटच्या सूचीपासून उलटी वाचायची. तिथल्या मुलीनं विचारलं, “नातवासाठी का, आजोबा?” तो म्हणाला, “नाही, बायकोसाठी.” सापडत गेले तसे त्यानं वहीत उतरवले. कधी न ऐकलेले, कुणाच्या खिजगणतीत नसलेले जीव, नुसते त्या एका अक्षरापायी त्याच्या घरात आले. रात्रीच्या जेवणाआधी फुसाए आंघोळीला टबात शिरली की कुनितोमी बाहेरच्या जागेत स्टुलावर बसायचा, आणि दुधी काचेच्या दाराआडून डाव सुरू व्हायचा. डाव हे निमित्त. टबात म्हातारी माणसं झोपून जातात, घसरतात, बाहेर यायचं विसरतात. आवाज येतोय तोवर ती आहे. तो दाराशी बसून उत्तर द्यायचा आणि तिच्या आवाजाची वाट बघायचा. शब्द गळत होते तिचे. चमचा आठवेना, ‘ते खातात ते’ व्हायचं. जावयाचं नाव गेलं. पण ‘नु’चे प्राणी तिनं त्याच्याकडून ऐकून ऐकून जे उचलले ते गेले नाहीत. हे कसं, ते डॉक्टरांना विचारायचं राहूनच गेलं.

अडीचला दोन मिनिटं होती आणि तो बाहेरच्या दारापाशी कागद मुठीत धरून उभा होता, म्हणजे घंटा वाजली की आधी आपणच दार उघडायचं, कागद द्यायचा, मग ‘या या’ म्हणायचं. घंटा वाजायच्या आत फुसाएनं मागून येऊन, त्याला कोपरानं बाजूला करून दार उघडलं. “या ना, या! केवढं ऊन आहे हो अजून. अहो, सपाता द्या बाईंना.” साकाने नावाच्या बाई होत्या, चाळिशी उलटलेल्या, खांद्याला मोठी बॅग. त्यांनी बूट काढून दाराकडे टोकं करून ठेवले आणि आत आल्या. कागद मुठीतून परत खिशात गेला. चहा आला. बाई म्हणाल्या, “आम्हाला घ्यायची परवानगी नसते हं.” “मग तो कप नुसता बघा,” फुसाए म्हणाली. “गरम चहा समोर असला की माणूस खरं बोलतो.” साकानेबाई हसल्या आणि फॉर्म काढला.

कुनितोमीनं परीक्षा पुष्कळ दिल्या होत्या, ब्रेकच्या, डोळ्यांच्या, नियमांच्या. पण दुसऱ्याची परीक्षा चालू असताना, तो नापास व्हावा म्हणून हात जोडून बसायची वेळ पहिलीच. “फुसाए-सान, सध्या ऋतू कोणता चालू आहे?” “आता द्राक्षं समोर ठेवल्यावर हेही मी सांगायचं का?” “वय किती तुमचं?” “बायकांना वय विचारणारी तुम्ही पहिल्याच! तुमच्याहून मोठी आहे, एवढं लिहा.” “आज सकाळी काय खाल्लंत?” “यांना विचारा ना, यांनीच संपवलं सगळं.” मग बाईंनी पेन, घड्याळ आणि चष्म्याचं घर टेबलावर मांडलं, नावं म्हणवून घेतली, झाकून ठेवली, आणि दहा मिनिटांनी विचारलं, काय काय होतं? “एक तर हे, तुम्ही लिहिताय ते. दुसरं वेळेचं.” “आणि तिसरं?” फुसाए मनापासून हसली. “तिसरं तुमच्या बॅगेत गेलं हो. दुसऱ्याच्या बॅगेत काय आहे हे आपण कसं सांगायचं? बरं दिसतं का?” कुनितोमी ऐकत होता. त्याला लख्ख दिसत होतं, की तिनं एकाही प्रश्नाचं धड उत्तर दिलेलं नाही. प्रत्येक प्रश्न तिनं नमस्कार करून दारातूनच परत पाठवला होता. पण साकानेबाईंचं पेन चाललं होतं आणि गालावर हसू होतं, आणि ते हसू तिच्यावर खूश होऊन आहे की सगळं समजून आहे, हे त्याला कळेना. आपण बोलावं. आत्ता बोलावं. ‘बाई, हिला आठवत नाही म्हणून ही असं बोलते.’ दहा शब्दही नाहीत. त्यानं चहाचा घोट घेतला.

“दिवसभर काय करता?” बाईंनी विचारलं. “संध्याकाळी भेंड्या खेळतो आम्ही,” फुसाए म्हणाली, आणि तिचे डोळे चमकले. “खेळायचंय? तुम्ही कुत्रा द्या. द्या तर खरं.” साकानेबाईंनी पेन ठेवलं. “बरं, इनु.” “नुता-उनागी!” फुसाएनं एका बोटानं टेबलावर टकटक केली. “समुद्राच्या तळाशी असतो. त्याला जबडाच नाही. डिवचला की बादलीभर पाण्याची खळ करून टाकतो, कपड्यांना घालतात तशी. आणखी द्या.” “शिबा-इनु.” “नुनोसाराशी. मासा आहे. अंगावर पट्टे. घाबरला की अंगातून फेस काढतो.” “अकिता-इनु.” “नुकाएबी, तांदळाच्या कण्यांएवढ्या कोळंब्या. नुमावानी, भारतातल्या नदीकाठची मगर, उन्हात तोंड उघडून पडते. नुमाराइचो, हा पक्षी थंडीत पांढरा होतो, पायांना सुद्धा पिसं. आणि नुबियाचा तो शिंगवाला बोकड, त्याचं आडनाव लांब आहे, ते यांना येतं.” तिनं कुनितोमीकडे हात केला, पाहुण्याला घरातली भारी वस्तू दाखवावी तसा. साकानेबाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या. “मला तर नुतोरियाच्या पुढे एक आला नसता.” आणि कुनितोमीचा ऊर भरून आला. खोटं कशाला बोला, त्या क्षणी त्याला झडप आठवली नाही, खोली आठवली नाही. बघा, ही माझी बायको, असं त्याला ओरडून सांगावंसं वाटलं. मग टाळ्या थांबल्या आणि भरलेला ऊर तसाच राहिला, दुखायला लागला. वाचनालयातल्या त्या विटेएवढ्या खुर्चीवर बसून, वर्षभर गुडघे दुखवून, आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, हे त्याला कळलं. त्यानं बारा तारखेचा विचार केला. टेबलाखाली तो आपली नाडी मोजायला लागला आणि मध्येच आकडा चुकला.

साकानेबाई उठल्या. सपाता काढून दारातल्या पायरीशी गेल्या. आता शेवटची संधी. तेवढ्यात फुसाए म्हणाली, “अहो, उरलेली द्राक्षं पिशवीत घालून आणा बाईंसाठी.” “नको नको, खरंच घेता येत नाही आम्हाला.” “तुम्ही राहू द्या हो, बाई. अहो, आणा तुम्ही.” कुनितोमी स्वयंपाकघरात गेला आणि त्याला युक्ती सुचली. या वयात, असली युक्ती. त्यानं घड पिशवीत ठेवला, खिशातून कागद काढला आणि द्राक्षांच्या बाजूनं आत सरकवला. बाई घेत नाहीत म्हणाल्या, तरी हातात कोंबायची. पुढे घरी जाऊन कधीतरी वाचतील. बाहेर येण्याआधी सवयीनं शेगडीकडे बोट गेलं, पण शब्द त्यानं गिळला, कारण दाराकडच्या बोळातून फुसाएचा आवाज येत होता, दबका, जपून बोललेला.

“आत बोलता आलं नाही हो बाई. ते बसले होते ना. वाईट वाटलं असतं त्यांना. हे मी लिहून ठेवलंय, सगळे असंच देतात म्हणे. आज बघितलंत ना किती शांत बसले होते? पाहुणे आले की असंच. तुम्हाला वाटेल यांना काही झालेलंच नाही. पण रोज मी बघते. गॅस चालू ठेवतात. मागाहून स्वतःच कबूल करतात, मग रागवायचं तरी कसं? पाकीट भाजीत ठेवतात. तोफू आणतात ते नऊ नऊ. आणि मला स्टॉप चुकीचा सांगितला, बाई. अडतीस वर्षं त्यांनी त्या रस्त्यावर ट्राम चालवली. त्या दिवशी मी गुपचूप रडले. घरभर बोटं दाखवत ओरडत हिंडतात. मी आंघोळीला गेले तर एकटं राहवत नाही त्यांना, दाराशी येऊन बसतात. मग मी त्यांना बोलतं ठेवते. कुत्रा देते, म्हणजे ते शोधत बसतात, डोकं चालतं राहतं तेवढं. माझ्याकडून होईल तितकं करते. पण मीही आता चौऱ्याहत्तर वर्षांची झाले.”

कुनितोमी बोळात भिंतीला टेकून उभा होता. पिशवीतून पाण्याचे थेंब त्याच्या सपातीवर पडत होते. वय बरोबर सांगितलं तिनं, हेच त्याच्या आधी मनात आलं. मग बाकीचं हळूहळू आलं. दोन वर्षं तो तिच्यावरून एक एक गोष्ट उचलून आपल्या अंगावर घेत होता, आणि ती ते ओझं याच्या पाठीवर वाढताना बघत होती. तो तिच्यासाठी दाराबाहेर बसत होता आणि ती त्याच्यासाठी दाराआतून बोलत होती. म्हणजे रोज संध्याकाळी त्या घरात दोघंही पहाऱ्यावर होते. तो पुढे झाला. फुसाए एकदम गप्प झाली आणि पाहुण्यांसाठीचं हसू तिच्या चेहऱ्यावर आलं. कुनितोमीनं पिशवीत हात घालून कागद काढला. तो ओला झाला होता, कडेला जांभळा डाग पडला होता. त्यानं तो दोन्ही हातांनी साकानेबाईंना दिला, हळूच नाही, समोरासमोर.

बाईंनी तो उभ्या उभ्या वाचला. मग दुसऱ्या हातातला फुसाएचा, दुकानाच्या जाहिरातीच्या पाठीवर नीटस अक्षरात लिहिलेला, पुन्हा वाचला. एका पायात बूट होता, दुसरा तसाच. “कुनितोमी-सान,” त्या म्हणाल्या, “दोन्हींवर त्याच गोष्टी आहेत. तुमच्या कागदावर तारखा आहेत, एवढाच फरक. मला हे एकदा तुमच्या तोंडून ऐकायला हवं. फुसाए-सान इथे असताना. माफ करा.” त्यांच्या आवाजात आता हसू नव्हतं, आणि आत मघाशी होतं ते सगळं समजून होतं, हेही त्याला कळलं.

त्यानं फुसाएकडे पाहिलं. “फुसाए, गॅस मी चालू ठेवला नव्हता. एकदाही नाही. तू ठेवला होतास. पाकीट तू ठेवलंस. तोफू तू आणलेस. स्टॉप मी बरोबर सांगितला होता, तू चुकलीस. मी खोटं बोलत होतो. दोन वर्षं.” बोलताना त्याचा आवाज अगदी सपाट होता, डेपोत साहेबासमोर असायचा तसा, आणि बोलून झाल्यावर त्याला धाप लागली.

फुसाए त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं, किटलीच्या त्या पहिल्या दिवसाचं, त्यानं ते ओळखलं आणि आपण हे काय केलं असं त्याला झालं. मग तिनं एक पाऊल पुढे टाकून त्याच्या हातातली गळती पिशवी काढून घेतली, आणि साकानेबाईंकडे वळून, कसलाही आव न आणता, खूप दमलेल्या माणसासारखं म्हणाली, “बघितलंत? हे असं.”

साकानेबाईंनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून बॅगेत घातले. “निकाल मी सांगू शकत नाही,” त्या कुनितोमीला म्हणाल्या, “तो वरून येतो. पण तुमच्या ऑपरेशनची तारीख बदलू नका.” आणि दुसरा बूट घालायला खाली वाकल्या.

“कसलं ऑपरेशन?” फुसाएनं विचारलं. मग त्याच्या दंडाला धरून ती बाईंकडे वळली. “यांना कुठे ठेवणार आहात?”

“नदीच्या वळणावर एक घर आहे,” कुनितोमी म्हणाला. “मागे भाजीचा वाफा आहे.”

“घाबरू नका हं,” ती त्याला म्हणाली. “जिथे ठेवतील तिथे मी येईन. एकट्याला सोडते की काय तुम्हाला?”

साकानेबाई वाकलेल्याच होत्या, बुटाची नाडी बांधत. कुनितोमीनं त्यांच्या पाठीकडे पाहिलं, मग फुसाएच्या हाताकडे.

“बरं,” तो म्हणाला. “ये तू पण.”